चष्म्याचे पैसे कोणी द्यायचे?

स्मृतिभ्रंश झालेल्या माझ्या वडिलांनी, अण्णांनी, वृद्धांच्या केंद्रात त्यांची सेवा करणाऱ्या मावशींचा चष्मा फोडला तो सकाळच्या आंघोळीच्या वेळी. मला कळलं चार दिवसांनी, रविवारी भेटायला गेले तेव्हा. आणि तेही मावशींनी सांगितलं म्हणून नाही. त्या गोळ्यांची पट्टी आधी लांब धरून, मग डोळ्यांना चिकटवून वाचायचा प्रयत्न करत होत्या. "चष्मा कुठाय?" विचारलं तर म्हणाल्या, "पडला." डाव्या भुवईवर खरचटल्याची ताजी खूण होती. शेजारच्या कॉटवरच्या आजोबांच्या मुलीनं मला व्हरांड्यात नेऊन हळूच सांगितलं, "तुमच्या अण्णांनी फटका मारला. पण जाऊ दे, त्यांना कळत नाही हो."

मॅनेजरना विचारलं. ते म्हणाले, "ताई, मनावर घेऊ नका, इथे हे चालायचंच. आमच्या मावशींना सवय आहे." नवीन चष्म्याचे चौदाशे रुपये कोणी द्यायचे, हे विचारल्यावर मात्र ते जरा गोंधळले. हा प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आला असावा. "करून घेतील त्या," असं म्हणून त्यांनी फोन उचलला.

शेवटी पैसे मी दिले. मावशींनी नोटा मोजल्या नाहीत, घडी घालून पदराच्या गाठीत बांधल्या आणि म्हणाल्या, "दुकानाची पावती आणून देते." मला पावती नको होती. पण त्यांना ती द्यायची होती, कारण आपण पैसे मागून घेतले असा बोभाटा नको होता. मार खाल्लेल्या बाईला स्वतःच्या सचोटीचा पुरावा द्यावासा वाटतो, आणि मारणाऱ्याच्या घरच्यांना, म्हणजे मला, कुणी एक प्रश्न विचारत नाही. हे 'चालायचंच' मला तेव्हापासून खुपतं आहे.

आधी अण्णांबद्दल सांगते, नाहीतर ते मारकुटे होते असं वाटेल. पोस्टात चौतीस वर्षं नोकरी केली, आम्हा भावंडांवर एकदाही हात उगारला नाही. मनगट मात्र शिक्के मारून मारून दणकट झालेलं, आणि स्मृतिभ्रंशानं त्यांचं सगळं नेलं तरी ते मनगट ठेवलं. संध्याकाळ झाली की ते अस्वस्थ व्हायचे. टपालाची पिशवी निघायची वेळ झाली, आपण इथे काय करतोय, हे अनोळखी लोक आपल्याला दार का उघडू देत नाहीत, असं चालायचं. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना ही कातरवेळ वेगळी सांगायला नको. आणि अशी घरं थोडी नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. आकड्यात सांगायचं तर ८८ लाख माणसं. त्यांतले बहुतेक घरीच असतात. पण मुलं परदेशी, सून-मुलगा दोघं नोकरीला, दोन खोल्यांचा फ्लॅट, अशा घरांतले जे थोडे संस्थेत जातात, त्यांच्यासाठी पुण्याच्या आसपास गेल्या काही वर्षांत बंगल्या-बंगल्यांतून केंद्रं निघाली आहेत. बाहेर पाटी, आत पाच-सहा खोल्या, आणि बारा-बारा तासांच्या ड्युटीवर, कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून आलेल्या मावशी आणि मामा.

'त्यांना कळत नाही' हे शंभर टक्के खरं आहे. कायद्यालाही ते मान्य आहे. जुन्या दंडसंहितेचं कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२: मनोविकारामुळे आपण काय करतोय हे ज्याला समजतच नाही, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. अण्णांवर फिर्याद व्हावी असं कुणीच म्हणणार नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. अण्णा निर्दोष आहेत म्हणून फटका बिनमालकीचा होत नाही. कारखान्यात यंत्रात बोटं गेली तर 'यंत्राला कळत नाही हो' असं म्हणून मालक सुटतो का? तिथे आपण विचारतो की जाळी का नव्हती, पाळी किती तासांची होती, माणूस शिकवलेला होता का. वडिलांना यंत्राची उपमा देताना माझी जीभ अडखळते, पण दुसरी सुचत नाही. आजाऱ्याच्या निरागसपणाची चादर इतकी मोठी आहे की तिच्याखाली मॅनेजर झोपतो, संस्थाचालक झोपतो आणि महिन्याच्या पाच तारखेला पैसे भरणारे आम्ही नातेवाईकही झोपतो.

त्या चादरीखाली काय असतं, ते मी एका रात्री पाहिलं. अण्णांना ताप होता म्हणून मला तिथे राहू दिलं होतं. रात्रपाळीला दोघी, पेशंट चौदा. पहाटे सव्वापाचला ट्यूबलाइट लागल्या. रात्रपाळी आठला सुटते आणि त्याआधी सगळे न्हाऊन-माखून, पावडर लावून बसलेले हवेत. नंतर डॉक्टरांचा राउंड, नातेवाईक, पाहुणे. दोघींनी हिशोब सांगितला: माणशी दहा-बारा मिनिटं. शेजारच्या आजोबांपाशी दोघी गेल्या. एकीनं पांघरूण ओढलं, दुसरीनं "चला आजोबा, आंघोळ" म्हणत पायजम्याच्या नाडीला हात घातला. आजोबांनी डोळे उघडले ते थेट दिव्यात. "कोण तुम्ही?" त्यांनी विचारलं, दोनदा. उत्तर द्यायला कुणाला उसंत नव्हती. त्यांनी कॉटचा गज पकडला. एकेक बोट सोडवून त्यांना उठवलं. बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं. आतली जुनी मावशी पहिला तांब्या पायांवर घालत असे, मग गुडघ्यावर, बोलत बोलत वर. नवी मुलगी घाईत होती, तिनं तो थेट खांद्यावर ओतला. आजोबांनी किंकाळी फोडली आणि कोपर फिरवलं. ते तिच्या छातीत बसलं. ती मटकन खाली बसली, मग उठली आणि साबण लावायला लागली, कारण पुढचे अकरा बाकी होते.

अंधारात अनोळखी माणसांनी अंगावरचे कपडे काढायला सुरुवात केली तर मी काय करीन? मीही कोपर मारीन. अण्णांची आयुष्यभराची आंघोळ चहा आणि पेपर झाल्यावर, नऊच्या सुमाराला. ज्याला आपण 'पेशंट व्हायलंट झाला' म्हणतो, त्यातलं पुष्कळसं हे असं असतं: घाईत, न सांगता, अंगाला हात लावणं, आणि त्याला दिलेलं उत्तर. 'पुष्कळसं' म्हणते, 'सगळं' नाही. शांतपणे, नीट बोलून, कोमट पाण्यानं न्हाऊ घालतानाही अण्णांनी चिमटे काढलेत. आजाराचा म्हणून एक वाटा आहेच, आणि मायेनं सगळं सुटतं असं सांगणाऱ्यांनी एक आठवडा रात्रपाळी करावी.

दुखण्याचाही वाटा आहे, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याला 'माझी दाढ दुखतेय' हे सांगता येत नाही तो काय करील? नॉर्वेतल्या अठरा शुश्रूषागृहांत ३५२ रहिवाशांवर एक प्रयोग झाला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र स्मृतिभ्रंश असलेली, त्रागा करणारी ही माणसं. त्यांच्यातल्या एका गटाला आठ आठवडे पायरीपायरीनं वेदनाशामक दिलं, बहुतेकांना निव्वळ पॅरासिटामॉल. त्रागा सरासरी १७ टक्क्यांनी उतरला. आपल्याकडे मलावरोध, लघवीतला संसर्ग, कानातलं यंत्र बंद पडलेलं असणं, कवळी टोचणं यातलं काहीही झालं आणि म्हातारा ओरडायला लागला, की डॉक्टरांना फोन जातो आणि 'शांत करायची गोळी' चालू होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच इशारा दिला होता की स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये या जातीच्या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. कधीकधी त्या द्याव्या लागतात, हे मला मान्य आहे; अण्णांनाही तीन महिने होती. पण जिथे दोन माणसं कमी आहेत तिथे त्यांच्या जागी गोळी कामाला लावली जाते. तीही न पुरली तर ओढणीनं हात कॉटला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बांधून ठेवण्यावर कडक अटी घातल्या आहेत, पण ही घरं स्वतःला मानसिक आरोग्य केंद्र म्हणवूनच घेत नाहीत. मग अट कुणाला?

माणसं कमी असण्यानं मार वाढतो, हा माझा नुसता तर्क नाही. २००५-०६ मध्ये कॅनडाच्या तीन प्रांतांतल्या आणि डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे, स्वीडन या चार देशांतल्या शुश्रूषागृहांच्या कामगारांना एकसारखे प्रश्न विचारले गेले. रोज शारीरिक मार सोसावा लागतो असं सांगणाऱ्यांचं प्रमाण कॅनडात उत्तरेकडच्या त्या देशांच्या सहापट निघालं. आजार तोच आहे, म्हातारी माणसं तीच आहेत. कॅनडातले म्हातारे काही सहापट तापट नसतात! फरक निघाला तो एका कामगारामागे किती माणसं, कामाची घाई किती, आणि 'आज यांची आंघोळ राहू दे, उद्या घालू' एवढं ठरवायची मुभा तिला आहे की नाही, यात. संशोधकांनी याला व्यवस्थेनं केलेली हिंसा म्हटलं. मला त्यातला मुभेचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या मावशीला पेशंट ओळखता येतो, तो कधी बिथरणार हे तिला त्याच्या मानेवरून कळतं. पण आंघोळ पुढे ढकलायचा अधिकार तिला नाही. ज्ञान तिच्याकडे, वेळापत्रक ऑफिसात.

आता दुसरी गोष्ट, जी 'कळत नाही' या वाक्याआड बेमालूम लपते. या घरांतले सगळेच रहिवासी स्मृतिभ्रंशाचे नसतात. काहींचं कमरेखालचं अंग गेलेलं असतं, काही नुसते थकलेले असतात, आणि त्यांना व्यवस्थित कळतं. तिथल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना कळत होतं की नव्या मावशीचं आडनाव काय आहे. ते विचारूनच तिच्या हातचं पाणी घ्यायचं की नाही हे ठरत असे. दुसरे एक गृहस्थ स्पंजिंग करणाऱ्या मुलींचे हात धरत, नको तिथे नेत. त्यांच्या खोलीत संस्थेनं तरुण मुली पाठवायचं बंद केलं आणि पन्नाशीच्या मावशींना लावलं. म्हणजे बंदोबस्त झाला! मराठीत यासाठी 'म्हातारचळ' असा एक हसरा शब्द तयार आहे, आणि त्या हसण्यात सगळं विरघळून जातं. ज्या बाईचा हात धरला जातो तिला काय वाटतं, यासाठी मात्र शब्द नाही.

कायदा मात्र आहे, आणि तो या बाबतीत चांगला आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत रुग्णालयं आणि शुश्रूषागृहं नावानिशी आहेत. त्याचं कलम १९ मालकावर जबाबदारी टाकतं की कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या इतर व्यक्तींपासूनही बाईला सुरक्षितता मिळाली पाहिजे. म्हणजे सहकारी आणि साहेबच नव्हे, तर कॉटवरचे काकाही. दहापेक्षा कमी कामगार असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. मी त्या मॅनेजरना समितीबद्दल विचारलं. त्यांनी मला कीटकनाशक फवारणीच्या समितीचा तक्ता दाखवला. विनोद म्हणून सांगत नाही, खरंच दाखवला.

डॉक्टरांवर हल्ले झाले की राज्य हलतं. महाराष्ट्रानं त्यासाठी २०१० मध्ये वेगळा कायदा केला, २०२४ मध्ये कोलकात्यात रुग्णालयातच एका डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्या भयंकर घटनेनंतर देशभर मोर्चे निघाले, आणि ते निघायलाच हवे होते. पण या सगळ्या चर्चेत हल्लेखोर म्हणून डोळ्यांपुढे असतो तो बाहेरून आलेला माणूस, खवळलेले नातेवाईक. रोज सकाळी ज्याच्या तोंडात घास भरवायचा त्याच्याच हातचा मार, ही गोष्ट त्या चौकटीत बसत नाही. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्यात मुलांची कर्तव्यं आहेत, पोटगी आहे, जिल्ह्याजिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रम काढायची तरतूद आहे. अशा घरांची आणि घरी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोंची नोंदणी, किमान निकष यांसाठीचं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. तोवर कुणीही बंगला भाड्यानं घ्यावा, दहा कॉट टाकाव्यात, ब्यूरोला फोन करावा.

इतका वेळ मी मॅनेजरबद्दल बोलले. आता माझ्याबद्दल. अण्णांना दाखल करताना एक छापील फॉर्म होता. त्यात प्रश्न होता: 'पेशंट आक्रमक आहे का? मारतो का?' त्याआधीच्या महिन्यात घरी अण्णांनी माझ्या वहिनीच्या हातावर वरण उलटवलं होतं, दोन मावश्या चार दिवसांत सोडून गेल्या होत्या. मी पेन हातात धरून बसले. खरं लिहिलं तर घेणार नाहीत, आणि याआधी दोन ठिकाणी नकार मिळाला होता. मी लिहिलं: 'स्वभाव शांत. कधीकधी चिडचिड.' तो फॉर्म फायलीत गेला, आणि आठ दिवसांनी मावशी त्यांच्यापाशी चष्मा लावून, तोंड जवळ नेऊन गेल्या, कारण फॉर्मनुसार पेशंट शांत होता.

अशी ही लपवण्याची साखळी आहे. नातेवाईक लपवतात, कारण प्रवेश हवा असतो. संस्था लपवते, कारण भेट द्यायला आलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला मावशीच्या हातावरचे वळ दिसले तर तो जाईल. मावशी लपवते, कारण ब्यूरोवाला म्हणेल, "तुला पेशंट सांभाळता येत नाही, मी दुसरी पाठवतो." तिची त्या दिवसाची ड्युटी गेली की पैसे गेले. परिणाम असा की जी गोष्ट रोज घडते ती कुठल्याच कागदावर नाही, आणि जी कागदावर नाही तिच्यासाठी माणसं वाढवा असं कुणाला सांगणार? मला विचाराल तर पहिली गरज नव्या कायद्याचीही नाही. साधी दोनशे पानी वही हवी. काय झालं, किती वाजता, त्याच्या आधी काय चाललं होतं, खोलीत कितीजणी होत्या, कुणाला लागलं. आणि एक पक्की हमी की त्या वहीतल्या नोंदीवरून ना पेशंटला घालवलं जाईल ना मावशीला. दोन महिन्यांची वही वाचली तर त्या घरात अण्णांच्या नावापुढे नव्हे, पहाटे सव्वापाचपुढे गर्दी दिसली असती.

यावर नेहमीचं उत्तर येतं की खर्च वाढेल. बरोबर आहे, वाढेल. आम्ही महिन्याला अडतीस हजार भरत होतो, आणि त्यातही ओढाताण होती. रात्री दोघींच्या जागी चौघी असत्या तर अडतीसचे किती झाले असते याचा हिशोब मला चैनीचा वाटत नाही, तो खरा आहे. मध्यमवर्गाला आधीच परवडत नाही, हे मी नाकारणार नाही. फक्त एवढंच म्हणेन की स्वस्तात पडलेला तो फरक हवेत गेलेला नाही, तो मावशींच्या भुवईवर आणि त्या मुलीच्या बरगडीवर जमा झालेला आहे. बारा तासांचे त्यांना हातात सहाशे मिळत होते, ब्यूरोचं कमिशन कापून. दवाखाना झाला तर स्वतःचा. फी वाढवायची, सरकारनं अनुदान द्यायचं, की विम्यात हे बसवायचं, यावर भांडता येईल, भांडायलाच हवं. पण सध्याची बिलं कोण भरतंय, हे आधी मान्य करून मग.

शेवटी एक गोष्ट घडली ती मात्र फुकट घडली. मी आंघोळीचा हट्ट धरला. मॅनेजर कुरकुरले, पण अण्णांची आंघोळ दिवसपाळीकडे गेली, साडेनऊला, चहा झाल्यावर आणि पेपर हातात घेऊन झाल्यावर. पेपर उलटा असायचा, ते वेगळं. हाताला धरून, नाव घेऊन, पायांवर आधी पाणी. चिमटे थांबले नाहीत. फटके पुष्कळ कमी झाले, निदान मावशी तसं म्हणाल्या, आणि त्या माझं मन राखायला खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. पावती आणून दिली होती त्यांनी.

अण्णा गेल्याला आता दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात कॉलेजच्या एका मैत्रिणीचा फोन आला. सासूबाईंना ठेवायचंय, ती जागा कशी आहे, असं विचारत होती. बोलता बोलता म्हणाली, "त्या हल्ली चावतात गं. फॉर्मवर लिहायचं का ते?" मी म्हटलं, लिही. कधी चावतात, काय करताना चावतात, तेही लिही. आणि त्यांना विचार की रात्री किती माणसं असतात, आंघोळ किती वाजता घालतात, मावशीला लागलं तर दवाखाना कोण करतं.

"एवढं विचारलं तर घेतील का?"

मला खोटं बोलवेना. "नाही घेणार कदाचित," म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बघते," आणि विचारलं की डिपॉझिट परत मिळतं का.